पिळायचं यंत्र

माझ्या माहेरी धारगळला कपडे धुवायचं जे मशीन होतं ते मुळात माझं, म्हणजे कारापूरच्या आमच्या घरचं. दोन पोटांचं मशीन. एका पोटात कपडे धुवायचे आणि मग उचलून दुसऱ्या पोटात पिळायला टाकायचे. दुसऱ्याला सगळे ड्रायर म्हणतात. नवरा तेव्हा आमोण्याला खनिजाच्या धक्क्यावर कामाला होता, नदीतल्या बार्जी, म्हणजे मालवाहू होड्या, भरायच्या तिथे. संध्याकाळी तो घरी आला की त्याच्या शर्टाचा मूळ रंग कोणता हे फक्त मलाच ठाऊक असायचं, कारण तो शर्ट मी आणलेला असायचा.

खनिजाच्या त्या लाल मातीने मशीन सारखं तुंबायचं. सुरुवातीला आम्ही साखळी गावातून मेस्त्री बोलवायचो. दोन निरोप पाठवले की तिसऱ्याला तो उगवायचा, मागचं पत्र्याचं झाकण काढायचा, ओंजळभर चिखल बाहेर टाकायचा आणि चहा पिऊन जायचा. एकदा मी शेजारी उभी राहून नीट बघितलं. त्यानंतर मेस्त्रीचा चहा बंद झाला. मुळात माझा स्वभावच उघडून बघण्याचा. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, काही बिघडलं की माझे हात शिवशिवतात. झाकण असलेली वस्तू हिच्यासमोर ठेवू नये, असं नवरा पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसतात आणि पुढच्या खेपेला येताना त्यांचा बिघडलेला पंखा घेऊन येतात.

हे मशीन माहेरी गेलं ते आईच्या मनगटामुळे. कपडे धुवायच्या दगडाजवळ शेवाळावर पाय घसरून ती पडली आणि उजव्या हाताचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात बरा दिसत होता. ती भात शिजवायची, केर काढायची, खोबरं किसायची. पण पिळणं जमेना. ओला तुवालो हातात धरला की मनगट अर्ध्यावर येऊन थांबायचं. पिळायचं काम आता विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, म्हापशाला फ्लॅटमध्ये राहायचा. सरकारी नोकरी, शिस्तीचा माणूस. मनाने वाईट नाही, उलट मायाळूच. पण त्याची माया ऑर्डर काढल्यासारखी बाहेर पडते. वडील गेल्यापासून आई त्या घरात एकटी होती, आणि आता तर त्याला सबळ कारणच मिळालं. तो म्हणाला, आई म्हापशाला येईल. आई म्हणाली, येणार नाही.

"थंय काय करू मी? जनेलातसून गाडये मोजू?"

"हंय पडलंस तर कोण बघतलो?"

"पडलंय ता एकदाच. रोज पडणंय नाय मी."

हे बरेच दिवस चाललं. आमच्याकडे तेव्हा नवीन मशीन घ्यायचं ठरत होतं, म्हणून मी मधे तोंड घातलं. म्हटलं, पिळण्याचीच अडचण आहे ना, मग जुनं मशीन धारगळला पाठवते. दादाने विचार केला आणि अट घातली. मशीन चालतंय तोवर ठीक. ज्या दिवशी आई पुन्हा हाताने कपडे पिळताना दिसेल, त्या दिवशी सामान बांधायचं. आईने एका शब्दाने वाद घातला नाही, लगेच हो म्हणाली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मशीन गेलं ते नवऱ्याच्या ओळखीच्या एका रिकाम्या खनिजाच्या ट्रकातून. पोचलं तेव्हा पांढरं मशीन विटेच्या रंगाचं झालं होतं. आईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे काथ्याने आणि बाल्दीभर पाण्याने त्याला घासून आंघोळ घातली. आये, ती विजेची वस्तू, विजेची वस्तू, असं मी ओरडत राहिले. मग तिने त्याला हळदकुंकू लावलं आणि जास्वंदीचं फूल ठेवलं. धुण्याचं पोट तिला कधीच पटलं नाही. हे नुसते कपड्यांना झोके देतं, मळ काढत नाही, असं तिचं मत. कॉलर आणि बाह्या ती शेवटपर्यंत दगडावरच घासायची. पण ड्रायरवर तिचा जीव जडला. चादर आत टाकायची, झाकण लावायचं, आणि बाहेर काढली की गालाला लावून बघायची. शेजारणींना बोलावून ती ते दाखवायची. ड्रायर हा शब्द तिने कधी उच्चारला नाही. ती म्हणायची, पिळूचा यंत्र.

दोन वर्षं छान गेली. तिसऱ्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, शाळांना सुट्टी म्हणून मुलांना नणंदेकडे ठेवून मी चार दिवस माहेरी गेले. बसमधून उतरून आवारात शिरले तेव्हा दोरीवर कपडे वाळत होते. आईची एक साडी, दोन चादरी, उशीचे अभ्रे. आणि साडीच्या काठातून पाणी ठिबकत होतं. दोरीखालच्या मातीत थेंबांनी छोट्या खळग्यांची एक ओळच पाडली होती. ड्रायरमधून निघालेली साडी कधी ठिबकत नाही, आणि असे खळगे काही एका दिवसात पडत नाहीत.

मी सरळ घरात गेले. मोरीजवळच्या कोपऱ्यात मशीन जुन्या चादरीने झाकून ठेवलं होतं आणि वर सूप, सुपात कोकमाची सोलं. आई चहा ठेवायला वळली तेव्हा तिच्या मनगटाला फडकं बांधलेलं दिसलं. बामाचा वास येत होता.

"हाताक काय झाला?"

"काय नाय. भाकरी थापताना मुरगळलो."

मी सूप खाली उतरवलं, चादर काढली, प्लग लावला आणि ड्रायरचं बटण फिरवलं. हुं, हुं, असा आवाज आला आणि आतलं पिंप जागचं हललं नाही. आई चहाकडे बघत राहिली.

"कधीपासून?"

"झाले थोडे दीस." मग तिने गॅस बारीक केला. "दादाक सांगू नको."

दादा रविवारी येणार होता. आमच्याकडे पावसाळ्याच्या आधी घरात जी बेगमी करून ठेवतात तिला पुरुमेत म्हणतात. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, चिंच, पापड, फणसाची साठं, मीठ, आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे सोलं. कोकमाच्या फळांना आम्ही भिरंडं म्हणतो. ती फोडायची, साली वेगळ्या करायच्या, मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, सुकल्या की परत बुडवायच्या, परत सुकवायच्या, असं करत करत सोलं काळीभोर आणि मऊ होतात. आई दर वर्षी तीन घरांची सोलं करायची, स्वतःची, माझी आणि दादाची. माझी वहिनी बाकी सगळं दुकानातून आणते, पण सोलं आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, धारगळचंच. दादा पिशव्या घेऊन गेला की आईची मान वर्षभर ताठ असायची. मुलांच्या घरी आपल्याकडून काहीतरी जातं आहे, आपण कोणावर बसून खात नाही, हे तिला त्या पिशव्या सांगत. ती हे बोलून दाखवत नसे, पण मला कळत होतं. मी तिचीच मुलगी.

म्हापशाचा मेस्त्री बोलावणं शक्य नव्हतं. धारगळपर्यंत येणारा तो एकच, आणि तो दादाच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. त्याला आज बोलावलं असतं तर संध्याकाळी जिन्यातच दादाला सगळी बातमी मिळाली असती. म्हणजे पदर खोचायचा तो मलाच. मला खरं सांगायचं तर फार वाईटही वाटलं नाही. लाल माती असणार, काढून टाकू, तासाभराचं काम, असं मी मनात धरलं होतं. वडिलांचे पाने-पकड लाकडी पेटीत होते, त्यांना तेल लावलेलं होतं. आई त्यांना दसऱ्याला अजून फूल वाहायची.

मी प्लग काढला, मशीन भिंतीपासून ओढून मागचं झाकण उघडलं. लाल माती होती, पण जुनी, सुकून कोपऱ्यात बसलेली. ड्रायरच्या बाजूला मात्र वेगळंच काही होतं. ड्रायरची मोटर तीन स्प्रिंगांवर उभी असते आणि तिचा दांडा वर पिंपात जातो. दांडा जिथून वर जातो तिथे रबराची घड्याघड्यांची एक टोपी असते, पिंपातलं पाणी मोटरवर पडू नये म्हणून. ती टोपी फाटली होती. आणि तिच्याखाली मोटरच्या डोक्यावर, ब्रेकच्या चाकावर, सगळीकडे जांभळट खपली धरली होती. काठाला पांढरी. मी टॉर्च लावून बघितलं. असला गंज मी जन्मात पाहिला नव्हता.

मग मी जे केलं ते कुठलाही मेस्त्री करणार नाही. खपलीला बोट लावून बोट जिभेवर ठेवलं. खारट, आणि त्याच्यामागून सणसणीत आंबट.

"आये," मी म्हटलं, "ह्याच्यात काय घातलंस?"

"कपडे."

"आणि?"

आई माझ्यामागे सोलांचं सूप पोटाशी धरून उभी होती. "पिशयेत घातलेलंय," ती म्हणाली. "उघडी घालूक नाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मे महिन्याच्या मध्यावर ढग आले. पाऊस नाही, नुसतेच ढग, दिवसभर बसून राहिलेले. भिरंडं फोडून झाली होती, साली रसात बुडवल्या होत्या, आणि ऊन काही पडेना. ओल्या राहिल्या तर दोन दिवसांत त्यांच्यावर पांढरी बुरशी चढते आणि वर्षाची सोलं जातात. पूर्वी असं झालं की आई साली हाताने घट्ट पिळून चुलीवरच्या माळ्यावर टाकायची. आता चूल नव्हती आणि हातही नव्हता. तिची नजर मशीनवर गेली. तिने साली उशीच्या अभ्र्यात भरल्या, तोंड बांधलं आणि अभ्रा ड्रायरमध्ये टाकला.

"कशी कोरडी झाली म्हणून सांगू," ती म्हणाली. तिचा चेहरा क्षणभर खुलला. "ऊन लागलेली कशी. दुसऱ्या दिसा परत घातलंय. पायपाखाली बाल्दी ठेवलंय, रस वायट जावक नको म्हणान."

"तो साबणाच्या पायपातलो रस कोणाक दिलंस?"

"माडाक ओतलंय. माका कळता तितक्या."

तिसऱ्या दिवशी यंत्र बसलं. पुढे ती धुणं दगडावर घेऊन डाव्या हाताने आणि गुडघ्याखाली दाबून पिळत होती.

मला आधी राग आला. मग हसू आलं, इतकं की मी तिथेच फरशीवर बसले. आणि मग भीती वाटली. मशीन बिघडलं ही एक गोष्ट. आई मशीनमध्ये सोलं पिळते ही दुसरी. पहिलीमुळे तिला म्हापशाला जावं लागलं असतं. दुसरीमुळे तर ती गेली असतीच, वर प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट सांगितली गेली असती, आणि ऐकणाऱ्याने आईच्या डोक्याकडे बघून मान हलवली असती. हातापेक्षा ते वाईट. आईला हे माझ्याआधी कळलं होतं, म्हणून तर ती हाताने पिळत राहिली होती.

"पिळूचा यंत्र," ती पुटपुटली, "पिळूकच वापरलंय."

तासाभराचं काम दोन दिवस चाललं. मोटर सोडवायला गेले तर नट हलेना. रॉकेल ओतलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी हातोडीने टिचक्या मारत मारत तो सुटला. ब्रेकची पट्टी चाकाला चिकटून एकजीव झाली होती, ती सोडवून पितळी घासणीने घासली. खपली गरम पाण्याने निघाली, मोरीत लालभडक पाणी वाहिलं आणि घरभर सोलकढीचा वास सुटला. सुदैवाने रस मोटरच्या तारांपर्यंत पोचला नव्हता. दुपारी ऊन पडलं तेव्हा अंगणात चटईवर एका बाजूला सोलं आणि दुसऱ्या बाजूला मोटर वाळत घातली होती. शेजारीण कुंपणापाशी थांबली. हे काय म्हणून तिने विचारलं. आई म्हणाली, पुरुमेत.

अडलं ते रबरी टोपीवर. ती मिळणार म्हापशाला, आणि त्या सुट्या भागांच्या दुकानात दादाच्या खालचा मेस्त्री अर्धा दिवस बसलेला असायचा. मी पेडण्याच्या बाजारात जाऊन बघितलं, मागवून देतो म्हणाले, आठ दिवसांनी या. शेवटी आमच्या घरासमोर हायवेवर पंक्चर काढणारा होता, त्याच्याकडून ट्रकच्या ट्यूबचा तुकडा आणला. कशाला हवा, असं त्याने विचारलं तेव्हा माझ्याबरोबर आलेली आई म्हणाली, बरणीक.

तिच्या त्या बोलण्यानेच पुढचा रस्ता दिसला. ट्यूब मापाने कापली, दांड्यावरून ओवली, पण वरच्या आणि खालच्या गळ्याला ती आवळणार कशी? जुनी कडी गंजून तुटली होती. मी तारेने आवळून बघितलं, तार रबर कापायला लागली. आईने मला बाजूला केलं. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं बांधायचं, म्हणाली. नायलॉनची बारीक दोरी घेतली, एक टोक दातात धरलं, डाव्या हाताने दोरी गळ्याभोवती फिरवत गेली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून. मनगट न वळवता, नुसतं ओढत. गाठ मात्र मला मारायला लावली. त्याआधी रबराच्या कडेला तिने भिरंडेल चोपडलं. भिरंडेल म्हणजे भिरंडांच्या बियांचं तेल, थिजून मेणासारखं होतं, आम्ही टाचांच्या भेगांना लावतो. मी म्हटलं, भिरंडांनीच घात केला आणि तू परत तेच लावतेस. ती म्हणाली, घात मिठाने केला, तेलाने नाही. 

शनिवारी दुपारी सगळं जोडून प्लग लावला. बटण फिरवलं आणि पिंप फिरलं. आईने हात जोडले. मग मी झाकण उघडलं तर पिंप थांबेना, गरगरतच राहिलं, कारण ब्रेकची तार अडकवायला मी विसरले होते. परत सगळं उघडलं. दुसऱ्यांदा ओली चादर घालून चालवलं तेव्हा मशीन थरथरत मोरीतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चालत आलं. एका पायाखाली गोणपाटाची घडी घातली तेव्हा ते जागेवर राहिलं. चादर कोरडी निघाली, फक्त गुलाबी निघाली. मी बाल्द्यांमागून बाल्द्या पाणी ओतून पिंप खळाळलं, जुनी फडकी फिरवली. शेवटचं फडकं पांढरं निघालं. झालं, असं आम्हाला वाटलं.

रविवारी दादा आला. गाडी सावलीत लावली, पाय धुतले आणि तपासणी सुरू केली. नळ उघडून बघितला, वायरींचे बोर्ड बघितले, गॅसची नळी बघितली. दोरीवर कपडे वाळत होते, एकही थेंब नाही. आईने मनगटाचं फडकं काढून ठेवलं होतं आणि पदराचं टोक मनगटावर ओढून सूज झाकली होती.

"मशीन चालता मगे?"

"चालता काय," आई म्हणाली, "धावता."

मी वळून पाणी प्यायले.

जेवण झालं. जेवणानंतर आईने मानकुराद आंबे कापले. दादा कापलेला आंबा कधी खात नाही, चोखतो. लहानपणापासून त्याला नीट चोखता आलेला नाही. रसाची मोठी धार त्याच्या पांढऱ्या शर्टावर गेली. तो शर्ट नवा होता, ऑफिसचा. तो उठायच्या आत आई म्हणाली, "काढ. आत्ता धुवन दितंय. अर्ध्या घटकेत अंगात घाल."

मी तिच्याकडे बघून मान हलवली. तिला ते दिसलं असणार, पण विजयाच्या तोऱ्यात असलेल्या माणसाला काही दिसत नाही. तिला दादाला दाखवायचंच होतं. शर्ट साबणात भिजला, घासला गेला, पिवळा डाग गेला. मग ती तो घेऊन मशीनकडे निघाली. दादा बनियनवर तिच्यामागून, आणि मी त्याच्यामागून. ड्रायर फिरला, काय सुंदर फिरला, एवढ्या दिवसांत तो तसा फिरला नव्हता. थांबला. आईने झाकण उघडून शर्ट झटकला.

पाठीवर ताटाएवढा गुलाबी डाग होता. कडेला जांभळट. पिंपाच्या तळाच्या भोकांमध्ये कुठेतरी रस राहून गेला असणार.

 दादाने शर्ट हातात घेतला, डाग नाकाजवळ नेला. मग मशीनकडे बघितलं. मागच्या झाकणाचे स्क्रू ताज्या ओरखड्यांनी चकाकत होते. मग त्याने माझ्याकडे बघितलं. दादा शिस्तीचा आहे, पण तोही त्याच घरात वाढला आहे.

"ह्यो सोलांचो वास," तो म्हणाला.

मी घातली, मी गंमत म्हणून घातली, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण आई पुढे झाली.

"मी घातलंय," ती म्हणाली. "ढग इल्ले. तुझी सोलां सुकनत नाय म्हणान घातलंय."

"माझी?"

"मगे कोणाची? माका येकटीक कितकी लागतत?"

दादा तिथल्याच खुर्चीवर बसला, शर्ट मांडीवर. दाराशी त्याच्या पिशव्या बांधून ठेवलेल्या होत्या. एका पिशवीच्या कापडातून सोलांचा काळपट डाग बाहेर आला होता. त्याची नजर तिकडे गेली. ऑर्डर निघायची मी वाट बघत होते. आईही वाट बघत उभी होती, पण मग तिलाच ते सहन झालं नाही.

"झिला," ती म्हणाली, "हात बघून माका न्हेव नको. मशीन बघूनय न्हेव नको. मोडता ता दुरुस्त जाता, नाय जाला तर नाय. ज्या वर्सा तुका सोलां बाजारातली घेवची लागतली, त्या वर्सा गाडी घेवन ये. मी आपणाहून बसतंय. तोपर्यंत माका हंय ऱ्हवांदे."

 वडिलांचा एक जुना शर्ट आईने पेटीतून काढून दिला, तो दादाने घातला. पिशव्या गाडीत ठेवल्या, आगळाच्या बाटल्या मागच्या सीटवर मधोमध उभ्या केल्या, पडू नयेत म्हणून. मी गाडीपर्यंत गेले. काच खाली करून तो म्हणाला, "ब्रेकाची तार तरी लायलंस मगे? नायतर हात जायत तिचो."

"लायलंय."

"हां," तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर ते मशीन कितीतरी वर्षं चाललं. ट्यूबचा तुकडा मी मधूनमधून बदलला, दादरा दर वेळी आईने बांधला. हायवे रुंद झाला, पंक्चरवाला तिथून उठला, आमच्या दारातलं आंब्याचं झाड गेलं आणि दोरीवरच्या कपड्यांवर धूळ बसायला लागली. दादा येत राहिला. नळ बघायचा, बोर्ड बघायचा, मशीनकडे बघायचा नाही. आणि मे महिना संपत आला की दोन घरांच्या पिशव्या दाराशी बांधून तयार असायच्या. एक वर्ष सोलं थोडी कडक होती. एक वर्ष कमी होती. आम्ही दोघांनीही ती तोंड भरून वाखाणली. आई ऐकून घ्यायची.

मग एका मे महिन्यात, शुक्रवारी, दादाचा फोन आला. मागून म्हापशाच्या बाजाराचा गलबला ऐकू येत होता.

"बाय," तो म्हणाला, "बरी सोलां कशी वळखतत गो?"

मी सांगायला लागले. रंग काळा हवा, पण कोळशासारखा नको. हातात घेतली की मऊ लागली पाहिजेत, एकमेकांना चिकटलेली, मीठ वर दिसता कामा नये. सांगता सांगता मी थांबले.  कोणीतरी सुंगटांचा भाव ओरडत होतं.

"तिना काल फोन केल्यान," दादा म्हणाला. "औंदा बाजारातली घे म्हणता."

मी म्हटलं, "माझ्यासाठीय घे." 

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन धारगळला गेला. आई पडवीतल्या सोप्यावर पिशवी घेऊन बसली होती. मशीनचा प्लग तिने काढून ठेवला होता, आणि झाकलेल्या चादरीच्या चारी बाजूंनी दोरी आवळली होती. शेवटची गाठ तेवढी दादाला मारायला सांगितली.